शेतासाठी छोटी लीव्हर-अ‍ॅक्शन रायफल घेताना : टेक्सासमधला माझा अनुभव

ग्रीन कार्डवर असलेल्या आणि शहराबाहेर थोडीफार जमीन घेतलेल्या आपल्या मंडळींकडून मला हल्ली सारखे तेच दोन प्रश्न येतात. आपल्याला रायफल मिळते का? आणि मिळत असेल तर कुठली घ्यावी? मी हे सगळं शोधत होते तेव्हा मराठीत यावर कुणी काहीच लिहिलेलं सापडलं नाही. म्हणून जसं घडलं तसं, क्रमाने लिहिते आहे.

आमची जमीन फायेट काउंटीत, ला ग्रेंजच्या बाजूला आहे. 18 एकर, वालुकामय माती, कडेने पोस्ट ओकची झाडं आणि मधे बरम्युडा गवताचं कुरण. गवत शेजारचे काका कापून नेतात, अर्ध्या वाट्याने. ते गवत निघत राहतं म्हणून जमिनीला शेतीचा कर लागतो, नाहीतर तो कितीतरी पट झाला असता. 2023 च्या डिसेंबरात रानडुकरांचा कळप कुरणात शिरला आणि एका रात्रीत अर्धा पट्टा उकरून गेला. सकाळी पाहिलं तर गवताचे गड्डे मुळासकट उलटे पडलेले, मधे गुडघाभर खड्डे, आणि तळ्याच्या बांधावर चिखलात लोळल्याच्या खुणा. माझ्या माहेरी, संगमेश्वरजवळ, डुकरांनी भात तुडवल्यावर बाबांचा चेहरा कसा व्हायचा ते मला माहीत होतं. टेक्सासमध्ये आपलं तेच होईल असं मात्र कधी मनात आलं नव्हतं.

काकांनी आधीच स्पष्ट सांगितलं की बंदुकीने डुकरं संपत नाहीत. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचे शेती विस्तारवालेही हेच सांगतात. राज्यात 26 लाखांच्या आसपास रानडुकरं असावीत असा त्यांचा अंदाज आहे, आणि संख्या नुसती आहे तिथे रोखायची तरी दरवर्षी दोन तृतीयांश डुकरं काढावी लागतात. म्हणजे मुख्य काम मोठ्या पिंजऱ्याचं, ज्यात अख्खा कळप एकदम सापडतो. रायफल लागते ती पिंजऱ्यातल्या जनावराला हाल न होता मारायला, एकट्यादुकट्या नराला हुसकायला, वासरांच्या मागे लागलेल्या कायोटीसाठी, म्हणजे इथल्या कोल्ह्यासारख्या जनावरासाठी. उरलेला वेळ मग आपला, टिनच्या डब्यांवर नेम धरायचा. हे आधी कळलं ते फार बरं झालं, कारण त्यामुळे लांब पल्ल्याच्या, दुर्बीणवाल्या महागड्या रायफली यादीतून आपोआप गळाल्या. आमच्याकडे 100 यार्डांच्या पलीकडचं मोकळं दिसतच नाही.

जानेवारी 2024 मध्ये मी पहिल्यांदा कायद्याचं वाचायला बसले. भारतात शेतीच्या रक्षणासाठी बंदूक घ्यायची म्हणजे 1959 च्या शस्त्र कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, पोलीस पडताळणी, आणि मग वाट पाहणं. माझ्या चुलत आजोबांची ठासणीची बंदूक निवडणुकीच्या काळात ठाण्यात जमा व्हायची, ती रांग मी लहानपणी पाहिली आहे. टेक्सासमध्ये रायफल विकत घ्यायला परवाना लागत नाही. पण परदेशी नागरिकाला केंद्राचा कायदा लागतो, आणि तो नीट समजून घेणं अतिशय गरजेचं आहे. ग्रीन कार्ड असेल तर रायफल घेता येते. एच-1बी, एच-4, एफ-1 अशा व्हिसावर असाल तर घेता येत नाही, बाळगताही येत नाही. रेंजवर भाड्याने घेऊन चालवणंसुद्धा त्यात येतं. याला काही अपवाद आहेत. त्यातला सर्वसामान्य माणसाला लागू होणारा म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना. टेक्सासच्या रहिवाशाला तो 25 डॉलरला मिळतो. तरीही व्हिसावर असाल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका असं मी कळकळीने सांगेन. बंदुकीसंबंधीचा गुन्हा सिद्ध झाला तर देशातून काढलं जाण्याचं ते एक कारण ठरतं, ग्रीन कार्डवाल्यालाही.

खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने रानडुकरं मारायला 1 सप्टेंबर 2019 पासून शिकार परवाना लागत नाही. तरी मी परवाना काढला आणि त्याआधी शिकार सुरक्षेचा कोर्सही केला. 2 सप्टेंबर 1971 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीसाठी तो लागतोच, आणि सतरा वर्षं पूर्ण झालेल्यांना पूर्ण ऑनलाइन करता येतो. मी केलेल्या कोर्सची फी 30 डॉलरच्या आत होती. कोर्सचा खरा उपयोग असा झाला की गोळी कुठे थांबणार हे बघण्याची सवय लागली. टेक्सासमध्ये शिकार करताना झाडलेली गोळी आपली हद्द ओलांडून गेली तर तो गुन्हा आहे. शिवाय 10 एकर किंवा त्याहून लहान प्लॉट असेल तर काही ठिकाणी काउंटी गोळीबाराला बंदी घालू शकते. जमीन छोटी असेल तर आधी काउंटीत फोन करा.

आता रायफलीकडे येते. ट्रिगरभोवतीचा दांडा, म्हणजे लीव्हर, खाली-वर केला की रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि नवं काडतूस आत जातं, ती लीव्हर रायफल. लीव्हर-अ‍ॅक्शनच का, तर मी डावखुरी आहे. नेहमीच्या बोल्ट-अ‍ॅक्शनचा दांडा उजव्या बाजूला असतो. डाव्या खांद्यावर रायफल टेकवली की प्रत्येक गोळीनंतर हात पलीकडे न्यावा लागतो आणि नेम सुटतो. लीव्हर ट्रिगरभोवतीच, बरोबर मधोमध असतो, त्यामुळे डावा-उजवा असा भेद उरत नाही. शिवाय ती चपटी आणि आखूड असते. जीपच्या सीटमागे किंवा ट्रॅक्टरवर अडचण होत नाही.

फेब्रुवारीत ऑस्टिनजवळच्या एका रेंजवर भाड्याने घेऊन चालवून पाहिल्या. नवरा सोबत होता, पण तो निवडीच्या भानगडीत पडला नाही. पहिली घेतली ती हेन्री कंपनीची .22, म्हणजे अगदी बारीक काडतुसाची रायफल. तिच्यात पंधरा गोळ्या बसतात, धक्का जवळपास नाही, आणि काडतूस आठ-दहा सेंटला एक. शिकायला याहून चांगलं काही नाही. मी तासभर तीच चालवत बसले. पण .22 ने डुक्कर मारायला जाणं म्हणजे जनावराचे हाल.

मग .30-30. हे 1895 सालचं काडतूस, आणि अमेरिकेत हरणाच्या शिकारीला पिढ्यान्‌पिढ्या हेच वापरलं गेलं. ताकदीला प्रश्नच नाही, डुकरासाठी सगळ्यात खात्रीचं. पण माझी उंची पाच फूट एक इंच. दोन-चार गोळ्यांनंतर खांदा आपोआप मागे सरकायला लागला, ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटायला लागले. वीस गोळ्यांची पेटी 35 डॉलरच्या आसपास. म्हणजे सराव कमी होणार, भीती जास्त वाटणार, आणि नेमक्या वेळी नेम चुकणार. रेंजवरच्या बाई तिथेच म्हणाल्या, "जी रायफल चालवायला तुला मजा येईल तीच घे, कारण तिचाच सराव होईल."

तिसरी .357 मॅग्नम. मूळ रिव्हॉल्व्हरचं काडतूस, पण 16 इंची नळीतून 158 ग्रेन (सुमारे 10 ग्रॅम) वजनाची गोळी सेकंदाला 1,700-1,800 फुटांनी जाते. चार इंची रिव्हॉल्व्हरमधून हाच वेग 1,200 च्या आसपास असतो. 100 यार्डांच्या आत, चांगली गोळी आणि योग्य जागी नेम असेल तर डुकराला पुरते. आणि तिचा खरा फायदा म्हणजे त्याच रायफलीत .38 स्पेशल चालतं. ते मऊ, स्वस्त, लांब नळीतून आवाजालाही बरंच कमी. सरावाला .38, कामाला .357. माझा प्रश्न तिथेच सुटला.

रायफल कुठली हा प्रश्न मात्र सुटायला मार्च संपत आला. दुकानातल्या माणसाने सगळ्यात आधी मला कोपर काटकोनात वाकवायला लावलं, दस्त्याचं टोक कोपराच्या आत टेकवलं आणि बोट ट्रिगरवर पोचतं का ते पाहिलं. हे प्रत्येक बाईने, आणि उंचीने कमी असलेल्या प्रत्येक पुरुषाने करून बघावंच. दस्त्याच्या मागच्या टोकापासून ट्रिगरपर्यंतचं अंतर बहुतेक रायफलींत चौदा इंचांच्या आसपास असतं, आणि ते लांब हातांसाठी. हेन्रीची बिग बॉय माझ्या मनात भरली होती. पितळी अंगाची तर डोळ्यांना इतकी सुंदर दिसते! पण ती साडेआठ पौंडांच्या वर भरते आणि दस्ता चौदा इंची. खांद्याला लावली की माझी मान पुढे ताणली जात होती. तिचा एक गुण सांगायलाच हवा. मुख्य नळीच्या खाली काडतुसं भरायची दुसरी नळी असते, तिचा आतला भाग ओढून सगळी काडतुसं हातात ओतून घेता येतात. बाकीच्या बहुतेक लीव्हर रायफली रिकाम्या करायच्या तर लीव्हर मारत एकेक काडतूस बाहेर काढावं लागतं. घरात लहान मूल असेल तर हा फरक लहान नाही.

मार्लिन 1894 ही माझ्या हातात छान बसली. मार्लिन कंपनी 2020 मध्ये रेमिंग्टनच्या दिवाळखोरीत रूगर या दुसऱ्या बंदूक कंपनीने विकत घेतली. रूगरने बनवलेल्या मार्लिनचा क्रमांक आर-एम या अक्षरांनी सुरू होतो, म्हणून सेकंडहँड घेताना तो बघून घ्यावा. एक स्क्रू काढला की लीव्हर आणि बोल्ट बाहेर येतो आणि नळी मागच्या बाजूने साफ करता येते, ही मोठी सोय. वरून ती बंद असल्यामुळे दुर्बीणही सरळ बसते. पण रिकामी पुंगळी उजवीकडे उडते, म्हणजे डाव्या खांद्यावरून चालवताना माझ्या डोळ्यांसमोरून. सवय होते असं पुष्कळ डावखुरे म्हणतात. किंमत मात्र 1,200 डॉलरच्या वर होती.

शेवटी थांबले ती ब्राझीलमध्ये बनणाऱ्या रॉसी आर92 वर. जॉन ब्राउनिंगने विंचेस्टरसाठी आखलेल्या 1892 च्या रायफलीची ही आवृत्ती. 16 इंची नळी, वजन पाच पौंडांच्या आसपास, आठ गोळ्या, आणि पुंगळी वर उडते, कुणाच्याच तोंडावर नाही. नळी 16 इंचांपेक्षा आखूड असेल तर 1934 च्या केंद्रीय कायद्याखाली तिची वेगळी नोंदणी करावी लागते. म्हणजे साध्या खरेदीत याहून आखूड काही मिळत नाही. पुंगळी वर उडत असल्यामुळे नेहमीच्या जागी दुर्बीण लावता येत नाही. मला ती नकोच होती. मागची खाच आणि पुढची माशी, एवढ्यावर आमच्या कुरणातलं अंतर भागतं.

किंमत 719 डॉलर, वर सव्वाआठ टक्के विक्रीकर.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दुकानात फॉर्म 4473, म्हणजे बंदूक खरेदीचा केंद्राचा फॉर्म, भरला. आपल्या लोकांचं घोडं अडतं ते नावावर. माझ्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधलं नाव म्हणून आहे, ड्रायव्हिंग लायसन्सवर त्याचं फक्त आद्याक्षर छापलेलं. फॉर्मवर पूर्ण कायदेशीर नाव लिहावं लागतं, आणि मधलं नाव नसेलच तर एन-एम-एन असं लिहायचं असतं. मी आधीच लायसन्स दुरुस्त करून घेतलं होतं. त्यात दोनेक आठवडे गेले, पण काउंटरवर काही अडलं नाही. लायसन्सवरचा पत्ता सध्याच्या राहत्या घराचाच हवा. घर बदललं असेल तर गाडीच्या नोंदणीसारखं सरकारी कागदपत्र जोडता येतं. पोस्ट बॉक्स चालत नाही. नागरिकत्वाच्या देशात भारत, मग ग्रीन कार्डवरचा ए-नंबर. सोशल सिक्युरिटी नंबर ऐच्छिक आहे, पण तो दिला तर त्याच नावाच्या दुसऱ्या कुणाशी घोटाळा होत नाही. गांजाबद्दलचा प्रश्न नीट वाचा. राज्यात तो कायदेशीर असला तरी केंद्राच्या दृष्टीने नाही, असं फॉर्मवरच छापलेलं असतं. खरा खरेदीदार तुम्हीच आहात का, असाही एक प्रश्न आहे. ज्याला मिळू शकत नाही अशा मित्रासाठी स्वतःच्या नावावर घेऊन देणं हा गंभीर गुन्हा आहे, मैत्रीखातरही नको.

फॉर्म झाल्यावर दुकानदाराने एफबीआयच्या तपासणी यंत्रणेला विचारणा केली. उत्तर तीन प्रकारचं येतं : मंजूर, थांबा, नामंजूर. मला 'थांबा' आलं. त्या क्षणी पोटात गोळा आला, खोटं कशाला सांगू. आजूबाजूला चार लोक उभे, आणि आपणच काहीतरी संशयास्पद आहोत असं वाटायला लागतं. दुकानदार अगदी शांतपणे म्हणाला, "नागरिक नसलेल्यांची इमिग्रेशनच्या नोंदीत वेगळी चौकशी होते, म्हणून बरेचदा असं होतं. मनावर घेऊ नका." कामकाजाचे तीन दिवस उलटूनही उत्तर आलं नाही तर कायद्याने दुकानदार रायफल देऊ शकतो, पण द्यायलाच हवी असं नाही. या दुकानाचा नियम मंजुरी आल्याशिवाय न देण्याचा होता. मला तो योग्यच वाटला. पुढच्या आठवड्यात फोन आला, मंजुरी आली होती. ही तपासणी 30 दिवस चालते. तेवढ्यात रायफल नेली नाही तर पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक खरेदीला असंच थांबावं लागत असेल तर एफबीआयकडे स्वेच्छेने आपली माहिती जमा करून एक कायमचा ओळख क्रमांक मागता येतो, तो पुढच्या फॉर्मवर लिहायचा. मी तो अर्ज पाठवला आहे.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "अगं, घरात पोर आहे. कुलपाचं काय केलंस ते आधी सांग." तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. लहान मुलाच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवणं हा टेक्सासमध्ये गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी तसं केलं नसतं. रायफल घरी यायच्या आधी 260 डॉलरचं लोखंडी कपाट भिंतीला बोल्टने पक्कं केलं. काडतुसं वेगळ्या कुलपात, दुसऱ्या खोलीत. रायफलीला तारेचं कुलूप. मुलगी सात वर्षांची आहे. तिला दाखवून समजावलं की ही वस्तू कुठेही दिसली, मैत्रिणीच्या घरीसुद्धा, तर हात लावायचा नाही आणि लगेच मोठ्यांना बोलवायचं. मे महिन्यात आई इकडे आली, तेव्हा तिने स्वतः कपाट ओढून पाहिलं.

सरावासाठी तळ्याचा बांध आहे. मातीचा, उंच, मागे आमचीच जमीन. खडकाळ भागात असाल तर गोळी उसळते, तिथे मातीचा ढीग घालून घ्या. कानांना आत बोळे आणि वरून मफ, दोन्ही. .38 चा आवाज कमी असला तरी कमी म्हणजे निरुपद्रवी नव्हे. आणखी एक गोष्ट दुकानात विचारून पक्की करा. लीव्हर रायफलीच्या खालच्या नळीत काडतुसं एकामागे एक बसतात, एकाचं टोक पुढच्याच्या बुडाला लागून. म्हणून टोकदार कडक गोळी घालायची नाही. चपट्या तोंडाची घ्यायची, किंवा लीव्हर रायफलींसाठीच बनवलेली मऊ टोकाची. मी चपटी 158 ग्रेनची वापरते. .38 ची पन्नासची पेटी 25 डॉलरच्या आसपास पडते, .357 ची 40 च्या. सरावानंतर हात साबणाने धुवायचे आणि पुंगळ्या मुलांना गोळा करायला लावायच्या नाहीत, शिशापायी.

शेतात फिरताना माझी पद्धत काकांनी शिकवलेली आहे : खालच्या नळीत काडतुसं, पण मुख्य नळीच्या मागच्या टोकाशी, जिथून गोळी झाडली जाते तिथे, काही नाही. गरज पडली तरच लीव्हर मारायचा. एकदा काडतूस वर आलं की घोडा अंगठ्याने हळूच उतरवण्याचा खेळ करावा लागतो, आणि घामेजल्या हाताने तो नकोच. जीपमध्ये बसण्याआधी लीव्हर मारत एकेक काडतूस टोपीत काढते, मग करंगळी आत घालून रिकामी आहे ना ते चाचपते. डोळ्यांवर भरवसा ठेवत नाही. सळईने साफ करायची तर या रायफलीची नळी पुढूनच साफ करावी लागते. म्हणून सळईऐवजी मागून ओढून घ्यायची दोरी वापरते, ती 20 डॉलरची. तोंडाची कड घासली तर नेम बिघडतो.

ऑगस्टपर्यंत 50 यार्डांवर डिनरच्या ताटलीएवढ्या लोखंडी पाटीवर आठातल्या आठ लागायला लागल्या. काकांच्या पिंजऱ्यात सप्टेंबरात कळप सापडला. मोठी मादी आणि पिल्लं. ते काम आम्ही दोघांनी मिळून केलं. ते आनंदाचं काम नाही, आणि कुणी तसं समजू नये. जवळून, कानाच्या मुळाशी, एका गोळीत. मांस काकांच्या ओळखीच्या कुटुंबाने नेलं. रबरी हातमोज्यांशिवाय रानडुकराला हात लावू नका, त्यांच्यात ब्रुसेलोसिस हा माणसालाही लागणारा रोग असतो.

कुरणाचा उकरलेला पट्टा मार्चमध्येच सपाट करून घेतला होता, आता तिथे गवत पुन्हा धरलंय. पिंजरा या हिवाळ्यात आमच्या बाजूला आणून ठेवायचं ठरलं आहे. त्यासाठी दाणे टाकायला सुरुवात केली आहे.